पावसाळ्यातील थकवा : देहाची हाक दाबू नका

मृगाच्या सरी कोसळल्या की उन्हाळ्याने कावलेला जीव सुखावतो. मातीचा वास सुटतो, अंगणातली तुळस टवटवीत होते, गरम भजी आणि आल्याच्या चहाची आठवण होते. पण पंधरा-वीस दिवस सरतात आणि घरोघरी वेगळीच कुरबुर ऐकू येऊ लागते. ‘अंग जड वाटतं’, ‘भूकच मेली आहे’, ‘रात्री झोप लागत नाही आणि सकाळी उठवत नाही’, ‘कारण नसताना चिडचिड होते’. दवाखान्यात तपासावे तर ताप नाही, नाडी ठीक, रक्तदाबही फारसा वाढलेला नाही. मग घरातली मंडळी म्हणतात, ‘काही नाही, आळस आहे.’ आणि त्या व्यक्तीलाही ते खरे वाटू लागते.

हा नेहमीच आळस असतो असे नाही. ऋतू बदलला की शरीराची शक्ती बदलते, पचन बदलते आणि त्याबरोबर मनही बदलते. नेमक्या याच दिवसांत आपल्या डोक्यावरचे ओझे वाढलेले असते. पेरणीसाठी बी-बियाणे घ्यायचे असते, मुलांच्या शाळा-कॉलेजची फी भरायची असते, वह्या-पुस्तके-गणवेश आणायचे असतात, छप्पर गळत असते. शक्ती कमी आणि ओझे जास्त, असा हा काळ. या काळात औषधाच्या बाटलीआधी एक गोष्ट करण्यासारखी आहे. ती म्हणजे आपल्या शरीराची हाक ऐकणे. आजच्या लेखात याचाच विचार करू.

पावसाळ्यात शक्ती का कमी होते?

आयुर्वेदाने वर्षाचे दोन भाग मानले आहेत. शिशिर, वसंत आणि ग्रीष्म या तीन ऋतूंत सूर्य आपली शक्ती ओढून घेतो; हा आदानकाल. वर्षा, शरद आणि हेमंत या ऋतूंत ती हळूहळू परत मिळते; हा विसर्गकाल. उन्हाळ्याच्या शेवटी शक्ती अगदी तळाला गेलेली असते. पाऊस सुरू झाला म्हणून ती एका दिवसात भरून येत नाही. बँकेतली शिल्लक संपल्यावर पहिला पगार जमा झाला तरी आपण लगेच श्रीमंत होत नाही, तसेच हे. शक्ती भरून येते ती थंडीत, म्हणजे हेमंतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात आणि वाग्भटांच्या अष्टांगहृदयातील ऋतुचर्येच्या अध्यायात हे विस्ताराने सांगितले आहे.

पावसाळ्यात जठराग्नी मंद होतो, वात वाढतो आणि पित्त साठू लागते, असेही हे ग्रंथ सांगतात. साठलेले हे पित्त पुढे ऑक्टोबरच्या उन्हात, म्हणजे शरद ऋतूत उसळते. म्हणून आजची काळजी ही दिवाळीपर्यंतच्या आरोग्याची तयारी समजावी. एका ऋतूचा शेवटचा आठवडा आणि पुढच्या ऋतूचा पहिला आठवडा यांना ऋतुसंधी म्हणतात. या चौदा दिवसांत जुन्या सवयी एकेक करून सोडाव्यात आणि नव्या एकेक करून धराव्यात. एकदम बदल केला तर तोच त्रासाचे कारण होतो.

आधुनिक विज्ञानाच्या भाषेत पाहिले तरी या अनुभवाला आधार सापडतो. ढगाळ दिवसांत डोळ्यांवर पडणारा उजेड कमी होतो. आपल्या मेंदूत झोप-जागेपणाचे जे घड्याळ आहे ते उजेडावर चालते. सकाळचा लख्ख प्रकाश मिळाला नाही तर हे घड्याळ रेंगाळते आणि झोपेची वेळ बिघडते. बाहेर फिरणे, शेजारी-पाजारी जाणे कमी होते. दमट हवेत घाम वाळत नाही, कपडे वाळत नाहीत, घरात कोंदट वाटते. तळलेले खाणे वाढते, चहाचे कप वाढतात. हे सारे मिळून मन उदास आणि शरीर सुस्त करते.

ताण म्हणजे नेमके काय होते?

‘ताण’ हा शब्द आज सर्रास वापरला जातो. वैद्यकशास्त्रात त्याला आजचा अर्थ मिळवून देण्यात हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. त्यांनी १९३६ साली दाखवून दिले की, त्रास थंडीचा असो, जखमेचा असो की विषाचा, शरीर त्याला ठराविक साच्यातच उत्तर देते.

हे उत्तर आपण सर्वांनी अनुभवलेले आहे. अंधारात पायाजवळ काही सळसळले की छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हातपाय ताठ होतात. मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथींतून अॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात उतरतात. साखर वाढते, रक्तदाब वाढतो आणि पचनाचे काम तात्पुरते थांबते, कारण त्या क्षणी पळणे किंवा लढणे महत्त्वाचे असते. बॅटरी लावली, दोरी निघाली, की पाच-दहा मिनिटांत सारे जागेवर येते. ही निसर्गाची उत्तम सोय आहे.

पण काळजी पाच-दहा मिनिटांत संपणारी नसेल तर? पेरणी झाली आणि पावसाने ओढ दिली. दुबार पेरणीचे संकट समोर आहे. मुलीच्या लग्नाची तारीख जवळ आली आहे आणि पैसे जमलेले नाहीत. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत आणि रात्री तीनदा उठावे लागते. इथे दोरी निघत नाही. शरीर दिवसरात्र सापाच्या भीतीत राहते. मग अॅसिडिटी, डोकेदुखी, मान आखडणे, पाळीची अनियमितता, केस गळणे, विसरभोळेपणा, रक्तदाब आणि साखर यांत चढउतार अशी एकेक तक्रार डोके वर काढते. आपण प्रत्येक तक्रारीची वेगळी गोळी घेतो, पण मूळ तसेच राहते.

न अडवायचे तेरा वेग

येथे आयुर्वेदातील एक अत्यंत व्यवहारी शिकवण उपयोगी पडते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात नैसर्गिक वेगांचा विचार आहे. वेग म्हणजे शरीराने दिलेली सूचना. त्यात न अडवायचे तेरा वेग सांगितले आहेत : मूत्र, मल, शुक्र, अपानवायू, उलटी, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, अश्रू, झोप आणि श्रमानंतरचा श्वास. हे वेग वारंवार दाबल्याने कोणकोणते विकार होतात, याची यादीही तेथे दिली आहे.

या यादीत भूक, तहान आणि झोप यांच्या पंक्तीला अश्रूही बसवले आहेत, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. रडू येणे हा दुबळेपणा नसून तो देहाचा वेग आहे, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. आपण मात्र लहान मुलाला सांगतो, ‘मुलींसारखा रडतोस काय?’ तोच मुलगा मोठा होऊन कर्त्या पुरुषाचे ओझे वाहतो तेव्हा त्याला मन मोकळे करण्याचा रस्ताच उरलेला नसतो.

आता स्वतःच्या दिवसाकडे प्रामाणिकपणे पाहा. घरातली गृहिणी सर्वांना गरम पोळ्या वाढून शेवटी उरलेसुरले जेवते, तेव्हा दुपारचे दोन-अडीच वाजलेले असतात. हा भुकेचा वेग अडवणे झाले. एस. टी. स्टँडवर किंवा कचेरीत स्वच्छ सोय नाही म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि लघवीही दाबून ठेवतात. येथे तहान आणि मूत्र असे दोन वेग एकाच वेळी अडवले गेले. लघवीला जळजळ होणे, वारंवार जावेसे वाटणे या स्त्रियांच्या नेहमीच्या दुखण्यांमागे ही सवय बऱ्याचदा असते. दुकानदार रात्री अकरापर्यंत हिशेब करतो आणि नंतर तासभर मोबाईल पाहतो; तेथे झोप अडवली जाते. शेतकरी डोळ्यांत पाणी येताच उठून गोठ्यात जातो; तेथे अश्रू अडतात.

यातली एकेक गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण रोज दाबलेले वेग म्हणजे दार बंद करून ठेवलेली भरलेली खोली. आत काय कुजते आहे ते बाहेरून दिसत नाही.

त्याच अध्यायात आवरण्याचे वेगही सांगितले आहेत. लोभ, मत्सर, क्रोध, गर्व, कठोर बोलणे, चहाडी, खोटे बोलणे यांना लगाम घालावा. म्हणजे शरीराच्या गरजा मोकळ्या सोडाव्यात आणि दुसऱ्याला दुखावणाऱ्या ऊर्मी आवराव्यात. आपण बहुतेक वेळा उलटेच करतो. भूक, झोप आणि रडू आवरतो. आणि मग राग मात्र मुलांवर किंवा सुनेवर मोकळा सोडतो.

स्वतःशी माणुसकी

‘स्वतःवर दया करा’ असे म्हटले की काहींना तो स्वार्थ वाटतो, काहींना ते लाड वाटतात. तसे ते नाही. मानसशास्त्रातही आता या विषयाचा स्वतंत्र अभ्यास होतो. क्रिस्टिन नेफ या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली या गुणाची मांडणी करताना त्याचे तीन भाग सांगितले. पहिला, स्वतःला घालूनपाडून बोलण्याऐवजी समजून घेणे. दुसरा, हे दुःख माझ्या एकट्याचेच नाही, माणसाच्या जन्माला आलेल्या सर्वांना ते येते, ही जाणीव. तिसरा, मनात काय चालले आहे ते न वाढवता, न दडवता पाहणे.

आपल्या रीतिभातींत या गोष्टी नव्या नाहीत. पूर्वी बायका पहाटे जात्यावर बसत तेव्हा ओव्यांमधून माहेरची आठवण, सासरचा जाच, मुलाबाळांची काळजी सारे बोलून जात. दळण होई आणि मनही हलके होई. आषाढी वारीत लाखो माणसे टाळांच्या ठेक्यावर चालतात. प्रत्येकाच्या घरी काही ना काही दुःख असतेच, पण ते सर्वांबरोबर चालते. जाते गेले, पण बोलण्याची गरज गेलेली नाही. भजनी मंडळ, महिला बचत गटाची बैठक, पारावरच्या गप्पा, जुन्या मैत्रिणीला केलेला फोन या आजच्या वाटा आहेत. त्या वेळेचा अपव्यय समजू नयेत.

एक सोपा प्रयोग करून पाहावा. स्वतःवर राग आला, ‘माझ्याच्याने काही होत नाही’ असे वाटले, की क्षणभर थांबावे. हेच गाऱ्हाणे धाकटी बहीण माहेरपणाला येऊन सांगत असती तर आपण तिला काय म्हटले असते? ‘अगं, किती करतेस तू! आधी दोन घास खा, जरा पड, मग बोलू,’ असेच ना? तेच शब्द स्वतःला सांगावेत. बहिणीला आपण आळशी म्हणत नाही, मग स्वतःलाच का म्हणावे? आणि बहिणीला आपण दिवसभर भजी खाऊ देऊन लोळूही देत नाही. तिला वेळेवर उठवतो, चार पावले फिरवतो. स्वतःशी माणुसकी म्हणजे हीच प्रेमाची शिस्त.

पावसाळी दिनक्रम

सकाळ : शक्यतो रोज एकाच वेळी उठावे. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ओसरीवर, गच्चीवर किंवा खिडकीशी दहा-पंधरा मिनिटे उजेडात बसावे. आभाळ भरलेले असले तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी अधिक असतो. पाऊस नसेल तर फेरफटका मारावा. असेल तर देवळाच्या सभामंडपात किंवा ओसरीवर येरझाऱ्या घालाव्यात. झेपतील तेवढेच सूर्यनमस्कार घालावेत. दमछाक होईपर्यंत व्यायाम या ऋतूत नको.

तेल : आठवड्यातून दोन-तीन वेळा आंघोळीपूर्वी कोमट तिळाचे तेल अंगाला चोळावे. वाढलेल्या वातावर हा सोपा उपाय आहे. वेळ नसेल तर रात्री निदान तळपायांना तेल किंवा तूप लावून काशाच्या वाटीने पाच मिनिटे घासावे. शांत झोपेसाठी अनेक घरांत हा उपाय चालत आलेला आहे. ताप असताना, अपचन असताना तेल चोळू नये. पायाला जखम किंवा चिखल्या असतील तर त्या बऱ्या होईपर्यंत थांबावे. मधुमेही व्यक्तींनी पाय फार जोराने घासू नयेत आणि रोज तळपाय तपासावेत.

जेवण : भूक लागल्यावर, ताजे, गरम आणि पोटाला थोडी जागा ठेवून जेवावे. जुने तांदूळ, ज्वारीची किंवा गव्हाची भाकरी-पोळी, मुगाचे वरण किंवा कढण, दुधी, पडवळ, दोडका या भाज्या, फोडणीत हिंग, जिरे, लसूण आणि वर चमचाभर तूप असा आहार पचायला हलका. रात्रीचे दही, शिळे अन्न आणि वरचेवर तळण टाळावे. पालेभाज्या व रानभाज्या निवडून, भरपूर पाण्यात धुऊन आणि नीट शिजवूनच खाव्यात. ओळख पटल्याशिवाय कोणतीही रानभाजी किंवा अळंबी तोंडात घालू नये.

गृहिणींना एक आग्रहाची विनंती आहे. सर्वांचे झाल्यावर नव्हे, तर सर्वांबरोबर जेवा. घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी वाढून घ्यायला शिकावे. घरातले अर्धे दुखणे याने कमी होईल.

पाणी : चरकांनी नदीचे पाणी या ऋतूत टाळायला सांगितले आहे आणि गढूळ पाण्याने होणारे रोग पाहता ते आजही योग्यच आहे. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळू द्यावे आणि त्याच भांड्यात झाकून गार करावे. पावसाळ्यात तहान कमी लागते, म्हणून बाहेर पडताना पाण्याची बाटली बरोबर असू द्यावी.

उपवास : चातुर्मासात उपवासांची रांग लागते. हलके खाऊन पोटाला विश्रांती देणे हा उपवासाचा गाभा आहे. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर्स आणि तळलेले वडे यांनी विश्रांती मिळत नाही. राजगिरा, ताक, फळे, भगर हे बरे. पण भगर किंवा भगरीचे पीठ जुने, ओलसर, कुबट वासाचे असेल तर टाकून द्यावे. दमट हवेत त्यावर बुरशी येते आणि त्यातून विषबाधा होते. भगर निवडून, धुऊन, हवी तेवढीच घेऊन ताजी शिजवावी. तयार पीठ साठवून ठेवू नये. गरोदर व स्तनदा माता, मधुमेहाचे औषध घेणारे आणि आजारातून उठलेले यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कडक उपवास करू नये. देव रागावणार नाही.

झोप : पावसाळ्यात दिवसा झोपू नये असा सामान्य नियम आहे. पण लहान मुले, वृद्ध, आजारी, थकलेली आणि शोकाने खचलेली माणसे यांना शास्त्रानेच सवलत दिली आहे. रात्री जागरण झाले असेल तर त्याच्या निम्मा वेळ सकाळी न जेवता झोपावे, असे वाग्भट सांगतात. आजाऱ्याची सेवा करणाऱ्या सुनेने किंवा रात्रपाळीच्या कामगाराने हे ध्यानात ठेवावे. रात्री झोपण्यापूर्वी तासभर टी. व्ही. आणि मोबाईल बाजूला ठेवावा. चहा दुपारी चारनंतर टाळावा, कारण त्यातील कॅफीन निम्मे कमी व्हायलाच साधारण पाच तास लागतात.

श्वास : दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटे शांत बसावे. मनात चार अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत सावकाश सोडावा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतील. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती उतरते आणि शरीराला ‘साप गेला’ असा निरोप पोहोचतो. भ्रामरीनेही हाच लाभ होतो. चक्कर येऊ लागली तर थांबावे.

घरातील चार औषधी

सुंठ किंवा आले : मंद भुकेवर उत्तम. जेवणापूर्वी आल्याचा छोटा तुकडा सैंधवाबरोबर चावून खावा. पित्ताचा, तोंड येण्याचा त्रास असणाऱ्यांनी बेताने घ्यावे.

गवती चहा आणि तुळस : दोन-तीन पाती आणि चार-पाच पाने पाण्यात उकळून घेतलेला काढा सर्दीत व जडपणात बरा वाटतो. नेहमीच्या चहाच्या एका कपाऐवजी तो घ्यावा, म्हणजे चहाही कमी होतो.

जायफळ : झोपेसाठी सहाणेवर दोन-तीन वेढे उगाळून कोमट दुधातून, तेही कधीतरी. जास्त जायफळ विषारी असते. त्याने धडधड आणि भ्रम होतो. लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना देऊ नये.

ओवा : पोट फुगल्यास चिमूटभर ओवा गरम पाण्याबरोबर.

‘झाडपाल्याने अपाय नाही’ हा गैरसमज

निसर्गोपचार सौम्य असतात, हे पुष्कळदा खरे आहे. पण जे गुण करते ते अपायही करू शकते. ज्येष्ठमध सतत व अधिक प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम उतरते. अश्वगंधा ताणावर गुणकारी म्हणून प्रसिद्ध आहे आणि तिच्यावर संशोधनही झाले आहे. तरी गरोदरपणात, थायरॉईडच्या किंवा यकृताच्या विकारात आणि झोपेच्या गोळ्या चालू असताना ती स्वतःच्या मनाने घेऊ नये. कोरोनाच्या साथीत गुळवेलीचे काढे घरोघरी सुरू होते. काही रुग्णांच्या यकृताला त्यानंतर इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही आणि दुसऱ्या वनस्पतीशी गल्लत झाल्याची शक्यता सांगितली. वाद कसाही असो, सामान्य माणसाने घ्यायचा धडा एकच : नीट ओळख, योग्य मात्रा आणि ठराविक मुदत यांशिवाय कोणताही काढा महिनोन् महिने घेऊ नये.

बिनलेबलाच्या पुड्या, भस्मे आणि बाजारात फिरत्या विक्रेत्याकडून घेतलेली ‘ताकदीची’ औषधे यांपासून दूर राहावे. आयुर्वेदिक औषध नोंदणीकृत वैद्यांकडूनच घ्यावे आणि आपली चालू औषधे त्यांना दाखवावीत. रक्तदाबाची, मधुमेहाची, फिटची किंवा मानसिक आजाराची गोळी काढा सुरू केला म्हणून बंद करू नये.

पावसाळ्यातील तापाला तर ‘ऋतूचा ताप’ म्हणून काढ्यावर कधीच सोडू नये. तो हिवताप, डेंग्यू किंवा लेप्टो असू शकतो. दोन दिवसांत ताप उतरला नाही, अंगावर पुरळ आले, डोळे किंवा लघवी पिवळी झाली, कोठून रक्त आले, पोटात जोराने दुखू लागले किंवा चिखल-पाण्यात काम केल्यावर ताप व पोटऱ्या दुखू लागल्या, तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. डेंग्यूची शंका असताना अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत.

थकवा कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो?

ऋतूचा थकवा झोप, आहार आणि माणसांच्या सोबतीने हळूहळू उतरतो. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज, मन उदास राहणे. आवडत्या कामातही रस न वाटणे. झोप व भूक पार बिघडणे. आपण कुटुंबाला भार आहोत असे वाटणे. जगून काय उपयोग असे विचार येणे. दारूचे प्रमाण वाढणे ही नैराश्याच्या आजाराची लक्षणे असू शकतात. नैराश्य हा मधुमेहासारखाच आजार आहे. त्यावर औषधे आणि समुपदेशन यांचा उपयोग होतो. तेथे केवळ तेल, काढा आणि श्वसन यांवर थांबू नये.

घरातला कर्ता माणूस अबोल झाला, देणीघेणी आवरू लागला, निरवानिरवीची भाषा बोलू लागला, तर ‘सगळं ठीक होईल’ म्हणून विषय टाळू नका. जवळ बसून सरळ विचारा, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ असे विचारल्याने तो विचार वाढत नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नका. कीटकनाशकाचे डबे घरातून हलवा किंवा कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्या. तो अनावर क्षण बहुधा थोड्या वेळाचा असतो आणि हाताशी विष नसेल तर तो टळू शकतो.

केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनाशुल्क, मराठीतूनही बोलता येते. नाव सांगण्याची सक्ती नाही. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची चौकशी करावी. पोलिसांची भीतीही बाळगू नये. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली आहे असे मानून तिची काळजी घेण्याची व पुनर्वसनाची जबाबदारी २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शासनावर टाकली आहे.

या आठवड्यापुरते एवढेच करा

सारे नियम एका दिवसात पाळायला जाल तर त्याचाच ताण येईल. म्हणून या आठवड्यात फक्त एक वेग निवडा. भूक, तहान, लघवी, झोप किंवा अश्रू, जो तुम्ही सर्वांत जास्त दाबता तो. सात दिवस त्याची हाक आली की उठा. हातातले काम पाच मिनिटे थांबू द्या. पुढच्या आठवड्यात दुसरा घ्या. राहून गेले तर स्वतःला दोष न देता दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा.

जमीनही पहिल्या पावसात लगेच पीक देत नाही. ती आधी पाणी मुरवते. आपल्या शरीरालाही तेवढी सवड द्यावी.